सात छोटे भोंगे, एक लांब: क्रूझवरच्या सरावाची आणि लाइफबोटींची गोष्ट

सात छोटे भोंगे आणि त्यांच्यामागून एक लांबलचक. समुद्रावरच्या कुठल्याही मोठ्या प्रवासी जहाजावर हा आवाज आला की अर्थ एकच: हातातलं टाका आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभे राहा. जहाज इटलीचं असो, जपानचं असो, भोंग्याची खूण सारखीच. भाषा न समजणाऱ्यालाही ती समजावी म्हणून ती शब्दांत न ठेवता आवाजात ठेवली आहे.

पहिल्यांदाच क्रूझवर जाणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, हा भोंगा म्हणजे 'जहाज बुडतंय, पळा'. तसं नाही. हा भोंगा फक्त गोळा व्हायला सांगतो. आग लागली असेल, पाणी शिरलं असेल, दुसऱ्या जहाजाची धडक बसली असेल. कारण काहीही असो, आधी सगळी माणसं एका जागी यायला हवीत आणि मोजली जायला हवीत. जहाज सोडण्याचा हुकूम वेगळा. तो कॅप्टनचा असतो आणि तोंडी दिला जातो. या दोन्हींच्या मध्ये कधी काही मिनिटं जातात, कधी काही तास. कित्येकदा जहाज सोडायची वेळच येत नाही. आग विझते, माणसं केबिनमध्ये परत जातात.

गोळा होण्याच्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात आणि तिथे जायच्या तालमीला मस्टर ड्रिल. केबिनच्या कार्डावर एखादं अक्षर किंवा आकडा छापलेला असतो, ते तुमचं स्टेशन. ते उघड्या डेकवरच असेल असं नाही. मोठ्या जहाजांवर नाटकगृह, जेवणाचा हॉल, एखादा बार, अशा ठिकाणीही ते असतं. काल रात्री जिथे गाणी ऐकली, तिथेच उद्या लाइफ जॅकेट घालून बसायची पाळी येऊ शकते.

माझा भाचा एका क्रूझ जहाजावर हाउसकीपिंगला आहे. देवगडचा मुलगा. सुट्टीवर आला की जहाजावरच्या गोष्टी सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात दर वेळी एक तक्रार असतेच. "मामा, आता सुरक्षेचा व्हिडिओ फोनवर बघायचा असतो. लोक व्हिडिओ लावतात, फोन पालथा ठेवतात आणि बुफेला जातात. मग स्टेशनवर येऊन शिक्का मारल्यासारखं कार्ड दाखवून निघतात." कोविडनंतर अनेक कंपन्यांनी हीच पद्धत धरली: हजारो लोकांना एकदम उभं करण्याऐवजी प्रत्येकानं आधी व्हिडिओ पाहायचा, मग आपल्या सवडीनं स्टेशनवर हजेरी लावायची. गर्दी टळली, लोकांची कुरकुर कमी झाली. पण खरा भोंगा वाजेल तेव्हा सगळे एकदमच येणार आहेत, आणि ती गर्दी कशी असते याचा अनुभव मात्र या पद्धतीत मिळत नाही.

सरावाचा हा अर्धा तास कशासाठी, हे नीट समजून घ्यायचं तर १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीकडे जावं लागतं.

जीलियो बेटाजवळची रात्र

त्या शुक्रवारी संध्याकाळी 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे इटालियन जहाज रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून निघालं. जहाजावर ४,२२९ माणसं होती. त्यांतले ३,२०६ प्रवासी, बाकी कर्मचारी. रात्री पावणेदहाच्या सुमाराला जहाज जीलियो बेटाच्या फार जवळून नेलं गेलं आणि पाण्याखालच्या खडकानं त्याचा डाव्या बाजूचा तळ पन्नासेक मीटर फाडला. इंजिनच्या खोल्यांत पाणी भरलं, वीज गेली, सुकाणू निकामी झालं.

प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा बिघाड आहे. किनाऱ्यावरच्या तटरक्षकांनाही सुरुवातीला तेच सांगितलं गेलं. गंमत नाही, खरी गोष्ट आहे: काहीतरी गंभीर घडतंय याचा सुगावा किनाऱ्यावर लागला तो एका प्रवाशाच्या घरच्यांनी पोलिसांना फोन केल्यामुळे. सात छोटे आणि एक लांब हा भोंगा वाजला साडेदहा वाजून गेल्यावर, म्हणजे धडकेनंतर सुमारे ४८ मिनिटांनी. जहाज सोडायचा हुकूम आला त्यानंतर आणखी वीसेक मिनिटांनी.

या गेलेल्या वेळाची किंमत समजायला एक नियम माहीत हवा. सगळे प्रवासी जॅकेट घालून जमल्यावर, जहाज सोडायचा हुकूम झाल्यापासून ३० मिनिटांत सगळ्या लाइफबोटी आणि तराफे माणसांसह पाण्यात उतरवता आले पाहिजेत, अशी प्रवासी जहाजांची रचना असावी लागते. म्हणजे त्या रात्री हुकूम वेळेवर झाला असता, तर भोंगा वाजायच्या आत बहुतेक बोटी पाण्यात असू शकल्या असत्या. प्रत्यक्षात तोवर जहाज कलायला लागलं होतं. कलतं जहाज ही लाइफबोटीची सगळ्यात मोठी अडचण. खाली गेलेल्या बाजूच्या बोटी जहाजापासून लांब झुलतात, त्यांत चढणं अवघड होतं. वर आलेल्या बाजूच्या बोटी जहाजाच्या अंगावर घासत, अडकत उतरतात, आणि कल आणखी वाढला तर उतरतच नाहीत. त्या रात्री वरच्या बाजूच्या काही बोटी अशाच अडकल्या. माणसं दोरीच्या शिडीवरून, जहाजाच्या आडव्या झालेल्या भिंतीवरून उतरली. सुटका सहा तासांहून जास्त चालली. ३२ जण गेले. कॅप्टन मात्र प्रवासी आत असतानाच जहाजाबाहेर पडला होता. पुढे त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली.

आता सरावाचा मुद्दा. त्या वेळी नियम असा होता की प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत सराव घ्यायचा. चिवितावेक्कियाला त्याच संध्याकाळी ६९६ प्रवासी नव्यानं चढले होते आणि त्यांचा सराव दुसऱ्या दिवशी ठरला होता. कागदावर नियम मोडलेला नव्हता. जहाज निघून अडीचेक तासांत खडकावर गेलं. एवढ्या लोकांना आपलं स्टेशन कुठे, जॅकेट कसं बांधायचं, कोणत्या जिन्यानं जायचं, यातलं काही प्रत्यक्ष दाखवलेलंच नव्हतं.

म्हणून नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून, जिथे प्रवासी २४ तासांपेक्षा जास्त राहणार आहेत अशा जहाजांवर सराव निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावाच लागतो. सुटकेस अजून उघडलेली नसते, पोरं स्विमिंग पूलकडे ओढत असतात आणि तेवढ्यात घोषणा होते, त्यामागचं कारण हे आहे.

त्या जहाजावर सुमारे दोनशे भारतीय कर्मचारी होते. मुंबईचा एक तरुण वेटर त्या रात्री बेपत्ता झाला. प्रवाशांना मदत करताना त्याला शेवटचं पाहिलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्याचे अवशेष मिळाले ते जहाज मोडायला काढल्यावर, नोव्हेंबर २०१४ मध्ये. बेपत्ता माणसांत सगळ्यात शेवटी सापडला तो. जवळजवळ तीन वर्षं त्याच्या घरचे वाट बघत होते.

बोटी किती आणि कुणासाठी

लाइफबोटी म्हटलं की टायटॅनिक आठवतंच. १९१२ साली ब्रिटिश नियम बोटींची संख्या माणसांवरून ठरवत नव्हता, जहाजाच्या टनांवरून ठरवत होता. दहा हजार टनांच्या वरचं जहाज असलं की १६ बोटी पुरे. टायटॅनिक होतं ४६ हजार टनांचं. त्यावर २० बोटी होत्या, म्हणजे नियमापेक्षा चार जास्तच. जागा ११७८, माणसं २२०० च्या वर.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते याच्या पुढचं. वाचले सातशेच्या आसपास. म्हणजे अपुऱ्या बोटींतल्याही चारशेपेक्षा जास्त जागा त्या रात्री रिकाम्या राहिल्या. पहिली बोट उतरली तेव्हा ती निम्मीही भरलेली नव्हती. प्रवाशांचा सराव झालेला नव्हता, जहाज बुडेल यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता, आणि उबदार, उजेडातल्या डेकवरून काळोखात लोंबकळणाऱ्या होडीत पाय टाकायला कुणी तयार नव्हतं. बोटी कमी होत्या हे खरंच. पण होत्या त्याही भरता आल्या नाहीत, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

त्यानंतर १९१४ च्या जानेवारीत लंडनमध्ये देश जमले आणि समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव सोलास. आज लागू आहे तो १९७४ चा करार, १९८० मध्ये अमलात आलेला आणि पुढे पुन्हा पुन्हा सुधारलेला. 'सगळ्यांना पुरतील इतक्या बोटी' हे तत्त्व १९१४ च्या त्या पहिल्या करारापासून रूढ झालं.

पण नुसत्या बोटी वाढवूनही भागत नाही. जुलै १९१५ मध्ये शिकागोत, धक्क्याला बांधलेलं 'ईस्टलँड' हे सहलीचं जहाज उभ्या उभ्या उलटलं आणि ८४४ माणसं गेली. ते जहाज मुळातच अस्थिर होतं, आणि टायटॅनिकनंतरच्या धास्तीनं त्यावर चढवलेल्या जादा बोटी-तराफ्यांनी वरचं वजन आणखी वाढवलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात पाणतीर लागून 'लुसिटानिया' १८ मिनिटांत बुडालं. त्यावर ४८ बोटी होत्या, सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या. धड पाण्यात उतरल्या फक्त सहा.

आजचं गणित असं. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणारं एखादं जहाज घेऊ, त्यावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ४,००० माणसं. मूळ नियम सांगतो की दोन्ही बाजूंना प्रत्येकी निम्म्या माणसांची सोय होईल इतक्या बोटी हव्यात: डावीकडे २,०००, उजवीकडे २,०००. यात एक सवलत आहे. काही बोटींच्या ऐवजी फुगणारे तराफे ठेवता येतात, पण एका बाजूच्या बोटींतल्या जागा एकूण माणसांच्या साडेसदतीस टक्क्यांखाली जाता कामा नयेत. आपल्या जहाजावर म्हणजे दर बाजूला १,५०० जागा बोटींत, आणि उरलेल्या १,००० जणांसाठी तराफे. याशिवाय आणखी २५ टक्के, म्हणजे १,००० जागांचे तराफे वरकड. बेरीज ५,०००, म्हणजे माणसांच्या सव्वापट.

हे वरचे २५ टक्के चैनीचे नाहीत. १९५६ च्या जुलैमध्ये 'आंद्रेआ दोरिया' या इटालियन जहाजाला धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसली आणि ते बघता बघता इतकं कललं की १६ पैकी एका बाजूच्या आठही बोटी वापरता आल्या नाहीत. सगळ्यांना पुरणाऱ्या बोटी एका क्षणात निम्म्या झाल्या. तिथे मदतीला दुसरी जहाजं वेळेत आली म्हणून १,६६० माणसं वाचली. आजच्या नियमानुसार बोटी उतरवायची यंत्रणा २० अंशांच्या कलापर्यंत चालली पाहिजे. त्यापलीकडे जहाज कललं तर हमी नाही. म्हणूनच घाई हुकूम देण्यात आणि माणसं जमवण्यात करायची असते. कल वाढायच्या आत बोट सुटायला हवी.

कर्मचारी आधी की प्रवासी आधी, बायका-मुलं आधी की काय, असा प्रश्न नेहमी येतो. 'बायका-मुलं आधी' असा आंतरराष्ट्रीय नियम नाही. ती जुनी समजूत आहे. आजची पद्धत कुटुंबाला एकत्र ठेवून, स्टेशनवार, ओळीनं बोटीत बसवायची आहे, कारण ताटातूट झालेला बाप गर्दीच्या उलट्या दिशेनं धावायला लागतो आणि जिना तिथेच तुंबतो. बऱ्याच जहाजांवर लहान मुलांच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर असलेली पट्टी बांधतात. भोंगा वाजला तेव्हा मूल खेळघरात असेल, तर तिथली ताई त्याला तुमच्या स्टेशनवर घेऊन येते. आईबापांनी सरळ स्टेशनवर जायचं. ऐकायला सोपं, करायला फार अवघड. म्हणूनच हे आधी ऐकून, मनाशी पक्कं करून ठेवावं लागतं.

बोटीच्या पोटात

जहाजाच्या कडेला लटकणाऱ्या नारिंगी बोटी आपण फोटोत बघतो. रंग भडक, कारण निळ्या-करड्या पाण्यात विमानातून तो दिसतो. पूर्वीसारख्या उघड्या होड्या आता नाहीत; अर्ध्या किंवा पूर्ण झाकलेल्या असतात, इंजिन असतं. भरलेली बोट ताशी सहा सागरी मैलांनी, चोवीस तास चालेल इतकं इंधन तिच्यात ठेवावं लागतं. एका बोटीत जास्तीत जास्त दीडशे माणसं, असा सर्वसाधारण नियम. 'ओएसिस ऑफ द सीज' सारख्या प्रचंड जहाजांसाठी मात्र खास परवानगीनं ३७० माणसांच्या बोटी बनवल्या. अशा अठरा बोटी त्या जहाजावर आहेत.

आत माणशी जागा किती? ४३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन विती. प्रवासी जहाजाच्या बोटीत एका माणसाचं वजन ७५ किलो धरतात. जॅकेट घातलेली दीडशे माणसं दोन विती जागेत खेटून बसली की कसं होईल, ते डोळ्यांपुढे आणा. बोट हलते, इंधनाचा वास येतो, उलट्या सुरू होतात. म्हणून बोटीत माणशी दोन दिवस पुरतील इतक्या उलटीच्या गोळ्या सक्तीनं ठेवतात. उलट्यांनी शरीरातलं पाणी जातं आणि पिण्याचं पाणी माणशी तीन लिटरच असतं. खायला कोरडा शिधा, माणशी दहा हजार किलोज्यूल, म्हणजे साधारण एका दिवसाच्या जेवणाइतका. शिवाय आकाशात उडवायचे आणि हातात धरायचे लाल दिवे, धुराचे डबे, ऊन परावर्तित करून खूण करायचा आरसा, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, मासे धरायचा गळसुद्धा. जगायला पुरेल तेवढंच.

बोट ज्या लोखंडी हातांवर लटकते त्यांना डेव्हिट म्हणतात. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते: बोट उतरवायला जहाजाची वीज लागता कामा नये, असा नियम आहे. बोटीच्या स्वतःच्या वजनानं किंवा आधीच साठवून ठेवलेल्या दाबानं ती बाहेर सरकते आणि खाली येते. ब्रेक सोडणारा एक माणूस पुरतो. जहाजात काळोख झाला, इंजिन मेलं, तरी बोट उतरते.

मग सरावात प्रवाशांना बोटीत बसवून खाली का सोडत नाहीत? ते धोक्याचं आहे म्हणून. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा बंदरात 'थॉमसन मॅजेस्टी' जहाजाचे कर्मचारी बोटीचा सराव करत होते. पोलादी दोर तुटला आणि बोट माणसांसकट उलटी पाण्यात पडली. पाच जण दगावले. दोर बाहेरून ठीक दिसत होता, आतून गंजलेला होता. सराव करताना कर्मचाऱ्यांचे जीव गेल्याच्या अशा घटना जगभर झाल्या आहेत. म्हणून दोर ठरावीक मुदतीत बदलण्याचे, बोटीच्या हुकांचे नियम कडक झाले. तुमच्यासाठी बोट सज्ज ठेवण्याचं काम करणारी ही माणसंच आधी धोका पत्करतात, हे सरावात कुरकुरताना लक्षात असावं.

टॉवेलचा हत्ती करणारा माणूस

भाच्याला मी एकदा विचारलं, तुझं काम काय, चादरी बदलायच्या. तो म्हणाला, "चादरी रोजच्या. भोंगा वाजला की मी सातव्या डेकच्या जिन्यावरचा माणूस. माझ्या जिन्यावरून कुणी उलटं वर जाणार नाही, म्हातारं माणूस थांबणार नाही, लिफ्टकडे कुणी वळणार नाही, एवढं बघायचं."

क्रूझवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं असं दुसरं काम ठरलेलं असतं आणि ते मस्टरच्या यादीत लिहिलेलं असतं. सकाळी ऑम्लेट करून देणारा कदाचित बोटीचं इंजिन सांभाळणार असतो. बेडवर टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा प्रत्येक केबिनचं दार उघडून आत कुणी राहिलं नाही ना ते बघणार असतो आणि दारावर 'तपासलं' अशी खूण करणार असतो. जहाजावर रुजू होण्याआधी या सगळ्यांना सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं. आग विझवायची, जॅकेट घालून पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला तराफा सरळ करायचा. प्रवासी जहाजांवर कर्मचाऱ्यांचा आगीचा आणि जहाज सोडण्याचा सराव दर आठवड्याला होतो. आपण स्विमिंग पूलच्या कडेला पडलेले असतो तेव्हा ते खाली डेकवर पाइप ओढत असतात. गोव्यातली, मुंबईतली, आपल्या किनारपट्टीवरची कितीतरी घरं या नोकरीवर उभी आहेत.

याच माणसांनी काय करता येतं, ते ऑगस्ट १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दिसलं. 'ओशिआनोस' हे ग्रीक जहाज वादळात बुडायला लागलं. कॅप्टन आणि बरेच अधिकारी आधीच जहाजाबाहेर पडले. मग जहाजावर गाणं-बजावणं करणाऱ्या मंडळींनी प्रवाशांना एकत्र आणलं, बोटींत बसवलं, उरलेल्यांना हेलिकॉप्टरच्या पट्ट्यांत अडकवून वर पाठवलं. गिटार वाजवणारे मॉस हिल्स कॅप्टनच्या जागी जाऊन रेडिओवरून मदत मागत होते. ५७१ माणसांतलं एकही माणूस दगावलं नाही.

अलीकडे जहाजं बांधतानाच विचार बदलला आहे. जहाज स्वतःच सगळ्यात चांगली लाइफबोट असावं, असं आता धरतात. जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांत आग किंवा पाणी ठरावीक मर्यादेत राहिलं, तर जहाजानं स्वतःच्या बळावर बंदर गाठावं अशी रचना करावी लागते. कारण खवळलेल्या समुद्रात बोटी उतरवणं हाच मोठा धोका असतो. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात 'वायकिंग स्काय'ची सगळी इंजिनं बंद पडली. १,३७३ माणसं जहाजावर. बोटी उतरवल्या नाहीत. माणसं स्टेशनवर जॅकेट घालून बसून राहिली, चारशेहून जास्त जणांना हेलिकॉप्टरनी एकेक करून उचललं, आणि बाकीच्यांना घेऊन जहाज दुसऱ्या दिवशी बंदरात आलं. लोक तासन्‌तास जागच्या जागी बसले, हेही मस्टरच.

आपल्याकडचं पाणी

क्रूझच्या गोष्टीत हे थोडं वेगळं आहे, पण कोकणच्या माणसाला ते टाळून पुढे जाता येत नाही. १७ जुलै १९४७. गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी माणसं, पावसाळी समुद्र. काशाच्या खडकाजवळ लाटेनं बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि त्या वजनानं बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बातमी मुंबईत पोचायला संध्याकाळ झाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमेल तितक्यांना ओढून घेतलं.

रायगड-रत्नागिरीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी ही गोष्ट अजून आहे. ती ऐकताना माझं मन नेहमी एकाच जागी अडतं: लोक एका बाजूला धावले. अशा वेळी धावणं माणसाला आतून येतं. न धावणं शिकावं लागतं.

आणि हे जुनं झालं असंही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जण गेले. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर तिथल्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं.

जॅकेट काय करतं तेही सांगतो, कारण 'मला पोहता येतं' हे वाक्य फार ऐकू येतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बनवलेलं जॅकेट बेशुद्ध माणसालासुद्धा पाच-सहा सेकंदांत उताणं करतं आणि तोंड पाण्याच्या वर धरून ठेवतं. पोहता येणारा माणूस डोक्याला मार लागल्यावर पोहत नाही. जॅकेटला शिट्टी असते, दिवा असतो, उजेड पडला की चमकणाऱ्या पट्ट्या असतात. रात्री पाण्यात नुसतं डोकं फार लवकर दिसेनासं होतं. पट्टा घट्ट बांधलेला हवा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो.

खऱ्या भोंग्याच्या वेळी तुम्ही केबिनमध्ये असाल तर गरम कपडे, रोजची औषधं आणि जॅकेट घेऊन स्टेशनवर जा. केबिनमध्ये नसाल, तर जॅकेट आणायला परत जाऊ नका. स्टेशनजवळ जादा जॅकेटं ठेवलेली असतात. लिफ्ट नको. बॅग नको. पाण्यात उडी तर शेवटचा उपाय, तीही सांगितल्याशिवाय नको.

गेल्या हिवाळ्यात ताई, म्हणजे या भाच्याची आई, तिच्या सोसायटीतल्या बायकांबरोबर मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर गेली. पहिल्यांदाच. संध्याकाळी लेकाचा फोन आला, तो तेव्हा कुठल्या तरी परक्या बंदरात होता. ताईला वाटलं, केबिन कशी आहे, जेवण कसं आहे विचारेल. त्यानं विचारलं, "आई, तुझ्या केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत?" ती म्हणाली, मला काय ठाऊक. तो म्हणाला, "फोन ठेव. भिंतीला हात लावून, डोळे मिटून मोजत जा. दिवे गेले तर हात मोजतात." ती जरा वैतागली, पण गेली. दहा मिनिटांनी तिनं त्याला उलट फोन केला.

"अकरा," ती म्हणाली. "मग डावीकडे जिना."